दोन बोटांची गिटार : जँगो राइनहार्ट

२३ जानेवारी १९१० रोजी, ऐन थंडीत, बेल्जममधील लिबेर्शी नावाच्या खेड्याबाहेर थांबलेल्या एका घोडागाडीत एक मूल जन्माला आले. गाडी म्हणजेच घर, कारण कुटुंब मानूश जमातीचे होते. रोमा लोकांची ही एक शाखा. फ्रान्स, बेल्जम आणि जर्मनीच्या सरहद्दींवरून पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी. सरकारी नोंदवहीत मुलाचे नाव जाँ असे लिहिले गेले, पण त्याच्या माणसांनी त्याला जँगो म्हटले आणि जगानेही पुढे तेच नाव उचलले.

या जमातीच्या नावापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे मला वाटते. मानूश म्हणजे माणूस. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, आणि इराण, आर्मेनिया, बाल्कन प्रदेश असे करीत युरोपभर पसरले. त्यांच्या भाषेत पाण्याला आजही पानी म्हणतात, नाकाला नाक आणि कानाला कान. जँगो या नावाचा अर्थ ‘मी जागा होतो’ असा सांगतात. त्यातला ‘जाग’ आपल्याला वेगळा शिकावा लागत नाही. भाषाकुलांचा तक्ता फळ्यावर काढताना रोमानीची फांदी अगदी कडेला जाते. पण त्या फांदीवर विसाव्या शतकातला एक थोर वादक बसलेला आहे, आणि तो ज्या वाद्यावर बसला आहे ते आपल्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी दोघातिघांच्या गळ्यात असतेच.

जँगोचे बालपण पॅरिसच्या वेशीवर गेले. जुन्या तटबंदीबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात भंगारवाले, फिरस्ते आणि बेघर मजूर राहत. तिथेच राइनहार्टांच्या गाड्या उभ्या असत. शाळेशी त्याचा संबंध जवळजवळ आलाच नाही. पुढे तो जगप्रसिद्ध झाला तेव्हाही त्याला लिहितावाचता फारसे येत नव्हते, आणि स्वरलिपी तर शेवटपर्यंत आली नाही. मात्र बाराव्या वर्षी कोणीतरी त्याला बँजो-गिटार दिली, आणि इतरांच्या बोटांकडे पाहून पाहून तो शिकला. थोड्याच काळात तो पॅरिसच्या नाचघरांतून अ‍ॅकॉर्डियनवाल्यांच्या साथीला बसू लागला.

हे सारे ज्या फ्रान्समध्ये घडत होते, त्या फ्रान्सने १९१२ साली फिरस्त्यांसाठी खास कायदा केला होता. अशा माणसाने स्वतःजवळ एक ओळखपुस्तिका बाळगायची. तीत त्याच्या डोक्याची, कानाची, हातापायांची मापे आणि बोटांचे ठसे असत, आणि गावात शिरताना व सोडताना ती दाखवावी लागे. हा कायदा १९६९ पर्यंत टिकला. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो १९५२ साली गेला. ज्यांनी लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ वाचले आहे, त्यांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. जँगोच्या चरित्रात रंगेल किस्से भरपूर आहेत. ठरलेल्या कार्यक्रमाला तो गेलाच नाही, मिळालेले पैसे रातोरात जुगारात घालवले, हॉटेलातली खोली सोडून गाडीत झोपायला गेला, वगैरे. हे किस्से चवीने सांगितले जातात. पण चार भिंती आणि घड्याळ या दोन गोष्टींनी त्याच्या लोकांचे कधी भले केले नव्हते, हे ते सांगताना सहसा कोणी सांगत नाही.

१९२८ साली जाँ व्हेसाद या अ‍ॅकॉर्डियनवादकाबरोबर त्याने पहिल्या ध्वनिमुद्रिका केल्या. त्याला स्वतःच्या नावाची अक्षरे सांगता येत नसल्याने ते एका तबकडीवर भलतेच छापले गेले. त्याच वर्षी इंग्लंडचा नामांकित वाद्यवृंदनायक जॅक हिल्टन त्याला ऐकायला आला आणि आपल्या वाद्यवृंदात घ्यायला तयार झाला. अठरा वर्षांच्या पोराला आणखी काय हवे?

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९२८ च्या शरद ऋतूत, गाडीला आग लागली. त्याची पहिली पत्नी बेला विकण्यासाठी सेल्युलॉइडची आणि कागदाची फुले करीत असे. त्या रात्री गाडी फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ठिणगी फुलांवर पडली आणि सगळे क्षणात पेटले. दोघे जिवंत बाहेर पडली, पण जँगोचा उजवा पाय आणि डावा हात भयंकर भाजला. डॉक्टरांनी पाय कापावा असे सुचवले. त्याने ते मानले नाही. पाय वाचला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून तळव्याकडे वळली, ती कायमचीच. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे स्वर दाबणारा हात. जॅक हिल्टनचा प्रश्न मिटला.

धाकट्या भावाने, जोसेफने, त्याला अंथरुणात गिटार आणून दिली. बरे व्हायला सुमारे दीड वर्ष लागले, आणि त्या काळात त्याने तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांसाठी साऱ्या वाद्याची पुन्हा मांडणी केली. आखडलेली दोन बोटे सुरावटीला निकामी होती. पण कॉर्ड धरताना वरच्या बारीक तारांवर ती कशीबशी टेकवता येत, आणि अंगठा मानेवरून पुढे आणून जाड तार दाबता येई. १९३० च्या दशकाच्या शेवटी काढलेला एक छोटा चित्रपट आहे. त्यात हा हात जवळून दिसतो, आणि आज तो कोणालाही पाहता येतो. मी तो अनेकदा पाहिला आहे. दोन बोटे तारेवरून वर-खाली धावतात आणि उरलेली दोन, चोच मिटून बसलेल्या पाखरासारखी, त्यांच्यामागून फरफटत जातात.

आता थोडे शास्त्र. ते टाळून जँगोबद्दल लिहिणे म्हणजे बालगंधर्वांबद्दल फक्त शालूंवरून लिहिण्यासारखे होईल. ज्यांना गिटार येत नाही त्यांनी पेटी पुढे घ्यावी.

सा, कोमल गंधार आणि पंचम एकदम दाबले की मायनर कॉर्ड वाजते. त्यात कोमल निषाद घातला की मायनर सेव्हन्थ, आणि निषादाऐवजी शुद्ध धैवत घातला की मायनर सिक्स्थ. यांवर वरच्या सप्तकातला रिषभ चढवला की नाइन्थ. या सगळ्या मायनर कॉर्डच्या वाढवलेल्या जाती. साधी मायनर नुसतीच उदास असते. मायनर सिक्स्थ तशी नाही. तिच्यात कोमल गंधार आणि शुद्ध धैवत एकत्र आहेत, जे आपल्या कानाला बागेश्रीतून ओळखीचे आहेत. या दोहोंमधले अंतर सा आणि तीव्र मध्यम यांच्या अंतराएवढे. ते अंतर कधी स्वस्थ बसू देत नाही. म्हणून मायनर सिक्स्थ उदास असूनही पाय हलवते. जँगोच्या संगीताचा निम्मा रंग या एका कॉर्डचा आहे, असे मी धीटपणे म्हणतो.

चार स्वरांची कॉर्ड म्हटली की चौघांपैकी कोणीही तळाशी बसू शकतो. तळाचा स्वर बदलणे म्हणजेच इन्व्हर्जन. आपण त्याला क्रमपालट म्हणू. पेटीवर हे सोपे असते, कारण पट्ट्या एका ओळीत असतात. गिटारवर सहा तारा आणि एक पंजा, त्यामुळे स्वर पांगवून धरावे लागतात. ए या स्वराची मायनर सिक्स्थ घेऊ. तिचे स्वर ए, सी, ई आणि एफ शार्प. सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेवर तळाचा स्वर घ्यायचा, पाचवी तार बोटाच्या कडेने मुकी करायची, आणि चौथी, तिसरी, दुसरी या तारांवर उरलेले तीन स्वर. पहिली बारीक तार सोडून द्यायची. तळाशी ए हवा असेल तर सहावी तार पाचव्या पडद्यावर, चौथी चौथ्यावर, तिसरी आणि दुसरी पाचव्यावर. तळाशी सी हवा असेल तर याच तारांवर अनुक्रमे आठ, सात, नऊ, सात. ई साठी बारा, दहा, अकरा, दहा. एफ शार्पसाठी दोन, दोन, दोन, एक. कॉर्ड एकच, पण गिटारच्या मानेवर तिची चार घरे झाली. ज्याला ही चार घरे पाठ आहेत तो एकाच कॉर्डवर उभा राहूनही मानेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडू शकतो.

खरी गंमत यापुढे आहे. एफ शार्प तळाशी असलेली आकृती कोणत्याही पुस्तकात पाहा, तिचे नाव वेगळेच दिलेले असते: हाफ डिमिनिश्ड. स्वर तेच चार, पण आता एफ शार्पला षड्ज मानायचे. आणि आपण ए ची मायनर सिक्स्थ वाजवत असताना बासवाल्याने खाली डी हा स्वर लावला, तर ऐकणाऱ्याला डी नाइन्थ ऐकू येते, जिचा भाव अगदी निराळा. आपण बोटसुद्धा हलवलेले नसते. ए ची मायनर सेव्हन्थ सी वरून पाहिली तर ती सी ची मेजर सिक्स्थ असते. ए च्या मायनर नाइन्थमधून ए काढून टाकला तर उरते ती सी ची मेजर सेव्हन्थ. आपल्या संगीतात कॉर्ड नाहीत, पण ही युक्ती आपल्याला परकी नाही. भूपाचे पाच स्वर तसेच ठेवून गंधाराला षड्ज माना, मालकंस उभा राहतो. मूर्च्छनेत जे रागाचे होते ते क्रमपालटात कॉर्डचे होते. नाव वरच्या स्वरांवर ठरत नाही, खाली कोण बसले आहे त्यावर ठरते. साथीला बास असेल तर गिटारवाल्याला सगळे स्वर धरण्याची गरजच उरत नाही. तळ दुसऱ्याने सांभाळला की याने फक्त रंग भरायचा.

जँगोबद्दल सरसकट असे लिहिले जाते, की अपघाताने त्याची बोटे गेली म्हणून त्याला ही लहान, तीन-चार स्वरांची आकृती शोधावी लागली आणि त्यातून नवी शैली जन्मली. वक्तृत्व स्पर्धेत हे वाक्य टाळ्या घेते. मला ते अर्धेच पटते. सहा तारांवर आडवे बोट टाकून धरायच्या भरघोस कॉर्ड त्याच्या आवाक्याबाहेर गेल्या, हे खरे. पण त्याचा भाऊ जोसेफ याच्या हाताला काही झाले नव्हते, तरी तोही याच लहान आकृती वाजवत होता. आज या शैलीत वाजवणारे शेकडो वादक आहेत, त्यांचीही बोटे धडधाकट आहेत. मग ते असे का वाजवतात? कारण ताल.

ते समजायला १९३४ सालात जावे लागते. त्याआधी, १९३१ च्या सुमारास, दक्षिणेकडे तूलाँ गावी एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने जँगोला लुई आर्मस्ट्राँगच्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या होत्या. अमेरिकेतल्या काळ्या माणसाचा तो ट्रम्पेट ऐकून या युरोपी फिरस्त्याला आपली दिशा सापडली. पुढे पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात नाचाच्या वाद्यवृंदात तो वाजवत असताना तिथेच स्टेफान ग्रापेली नावाचा व्हायोलिनवादक होता. मधल्या सुट्टीत पडद्यामागे दोघे आपापल्या आनंदासाठी वाजवू लागले, मग जोसेफ आला, बासवाला लुई व्होला आला, आणखी एक गिटारवाला रोजे शापू आला. पॅरिसच्या हॉट क्लब या जॅझप्रेमी मंडळाने त्यांना उचलून धरले, आणि १९३४ च्या डिसेंबरात या पंचकाचा जाहीर कार्यक्रम होऊन ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. एक व्हायोलिन, तीन गिटारी आणि एक बास. जॅझमध्ये जे हवेच असे सगळे मानत होते, ते ढोल, ट्रम्पेट आणि पियानो यांपैकी काहीच नाही.

ढोल नाही म्हटल्यावर ताल कोणी धरायचा? जोसेफ आणि शापू यांनी, गिटारवर. त्यांच्या या ठोक्याला फ्रेंचमध्ये पंप म्हणतात. कॉर्ड मारायची आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून तिचा आवाज तोडायचा. पण मोकळी तार पकड सैल करून बंद होत नाही, ती झणझणत राहते. म्हणून एकही मोकळी तार नसलेल्या बंद आकृती हव्या, आणि त्या भराभर पुढेमागे सरकवता यायला हव्यात. वर दिलेली चार घरे नेमकी तशी आहेत. म्हणजे भाजलेल्या हाताला जे सोयीचे होते तेच तालालाही सोयीचे होते. शारीरिक अडचण एवढीच असती तर तिची नक्कल कोणी केली नसती. शिवाय आगीच्या आधीच तो इतका चांगला वाजवत होता की जॅक हिल्टन समुद्र ओलांडून आला होता, हे आपण विसरतो. आगीने त्याला प्रतिभा दिली नाही. आगीने दोन बोटे नेली. उरलेल्या दोन बोटांनी काय धरायचे आणि काय सोडायचे हे त्याने स्वतः ठरवले. त्याच्या एकट्याच्या वादनावर त्या हाताची खूण आहे ती वेगळ्या जागी: त्याच्या ताना तारा ओलांडत आडव्या जाण्यापेक्षा एकाच तारेवरून मानेच्या लांबीने धावतात. दोन बोटांना तोच रस्ता जवळचा.

२५ नोव्हेंबर १९३७ रोजी या पंचकाने ‘मायनर स्विंग’ ही रचना मुद्रित केली. तोवर शापूच्या जागी दुसरा गिटारवादक आला होता. रचना जँगो आणि ग्रापेली या दोघांची. जगभरच्या गिटारवाल्यांची ती आज बाराखडी झाली आहे. तिचे सोळा मात्राखंड अवघ्या तीन कॉर्डवर उभे आहेत: ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन्थ. साध्या आकृतींनी वाजवली तर ती शाळेच्या बँडसारखी ऐकू येते. पहिल्या दोन मायनर सिक्स्थ करा आणि क्रमपालट वापरून पाहा. मी तो असा वाजवतो. ए मायनर सिक्स्थचे घर वर सांगितलेले: सहावी तार पाच, चौथी चार, तिसरी पाच, दुसरी पाच. डी मायनर सिक्स्थसाठी हात उचलून दहाव्या पडद्यावर जायचे नाही. सहावी तार पाचवरच ठेवायची, आणि चौथी तीनवर, तिसरी चारवर, दुसरी तीनवर आणायची. ही डी मायनर सिक्स्थ झाली, पंचम तळाशी असलेली. तिथून ई सेव्हन्थकडे जाताना तिसरी आणि दुसरी तार आहे तिथेच राहते. सहावी आणि चौथी तेवढी एकेक पडदा मागे येते. तीन कॉर्डच्या या प्रवासात एकही स्वर दोन पडद्यांपेक्षा जास्त हलत नाही. एका कॉर्डमधून दुसरी उगवताना ऐकू येते. मी पहिल्यांदा ही वाट सापडल्यावर वसतिगृहाच्या खोलीत ती इतक्या वेळा वाजवली की शेजारच्या खोलीतले विद्यार्थी अभ्यासाला वाचनालयात गेले. चेष्टा सोडा, पण ज्या कोणाला गिटार थोडीफार येते त्याने या तीन आकृती आज रात्री करून पाहाव्यात. हे पान वाचून जे कळणार नाही ते त्यातून कळेल.

१९३९ साली युद्ध पेटले तेव्हा पंचक इंग्लंडच्या दौऱ्यावर होते. ग्रापेली लंडनमध्येच राहिला. जँगो पॅरिसला परतला. १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. नाझींच्या हिशेबात ज्यूंप्रमाणे रोमा लोकही संपवायच्या यादीत होते. युरोपभर लाखो रोमा मारले गेले. खुद्द फ्रान्समध्ये १९४० च्या एप्रिलमध्येच, म्हणजे जर्मन येण्यापूर्वी, फिरस्त्यांना हलण्याची बंदी झाली होती, आणि पुढे हजारोंना छावण्यांत कोंडले गेले. युद्ध संपल्यावरही त्यांतल्या काहींची सुटका १९४६ पर्यंत झाली नाही. आणि याच वर्षांत जँगो राइनहार्ट पॅरिसचा सर्वांत लाडका वादक होता. भिंतींवर त्याची पत्रके, नाट्यगृहे भरलेली, आणि ऐकणाऱ्यांत जर्मन अधिकारीही. त्याचे लोक काटेरी तारांमागे आणि तो रंगमंचावर, हे दृश्य मला त्याच्या आगीपेक्षाही भयंकर वाटते. काही जण त्याला यावरून नावे ठेवतात. त्यांना मी एवढेच विचारीन की त्याने काय करायला हवे होते. १९४३ साली त्याने दुसरी पत्नी नागीन हिच्यासह स्वित्झर्लंडला निसटून जाण्याचा प्रयत्न केला. तो पकडला गेला आणि परत पाठवला गेला. पुन्हा पॅरिस, पुन्हा रंगमंच. १९४४ साली त्यांचा मुलगा बाबिक जन्मला; तोही पुढे गिटारवादकच झाला.

त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना या काळातली आहे. ‘न्युआज’, म्हणजे ढग. १९४० च्या डिसेंबरात तिची गाजलेली ध्वनिमुद्रिका निघाली. ग्रापेलीच्या व्हायोलिनची जागा आता क्लॅरिनेटने घेतली होती, ते ह्युबेर रोस्तेंग वाजवी. जी या स्वराच्या मेजरमधली ही रचना, पण ती घरापासून सुरू होत नाही. सुरुवातीला येते ती ई फ्लॅट नाइन्थ, जिचा जी च्या घराशी सरळ संबंध नाही. गिटारवाले ती धरतात कशी? सहाव्या पडद्यावरची बी फ्लॅट मायनर सिक्स्थ म्हणून. बासला ई फ्लॅट लावायला सांगायचे आणि आपण आपली ओळखीची आकृती धरायची. मग तीच आकृती एक पडदा मागे सरकवली की ती होते डी नाइन्थ, आणि तिथून जी चे घर एका पावलावर. वर सुरावट अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरत असते. आपण कुठे आहोत हे ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही, आणि कळते तेव्हा घर आलेले असते. ताब्यात गेलेल्या शहरात, संचारबंदीच्या रात्रींत, लोकांनी या रचनेला जवळजवळ राष्ट्रगीतासारखे कवटाळले. तिच्यात शब्द नव्हते, त्यामुळे कापायला काही नव्हते.

युद्धानंतर १९४६ च्या सुरुवातीला तो लंडनला जाऊन ग्रापेलीला भेटला, आणि दोघांनी फ्रान्सचे राष्ट्रगीत आपल्या ढंगात मुद्रित केले. त्याच वर्षाच्या शेवटी ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिकेच्या दौऱ्यावर बोलावले. जँगो स्वतःची गिटार न घेताच बोटीवर चढला. अमेरिकेतले कारखानदार आपल्याला गिटारी भेट द्यायला रांग लावतील अशी त्याची समजूत होती, असे म्हणतात. रांग लागली नाही. उसनी विजेची गिटार घेऊन तो वाजवत राहिला. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधल्या दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोहोचला, कारण वाटेत मार्सेल सेर्दाँ हा मुष्टियोद्धा भेटला आणि गप्पा रंगल्या. हा दौरा म्हणजे मोठे अपयश असे बरेच जण मानतात. मला तसे वाटत नाही. तिथून परतल्यावर त्याचा कान बदललेला दिसतो. अमेरिकेत तेव्हा बीबॉप नावाची नवी, अवघड जॅझ जन्मत होती, आणि शेवटच्या वर्षांतल्या त्याच्या विजेच्या गिटारीत तिचे तुटक, अणकुचीदार बोलणे ऐकू येते. चाळिशीतला, जगाने डोक्यावर घेतलेला माणूस विशीतल्या पोरांकडून शिकत होता.

१९५१ मध्ये तो फाँतेनब्लोजवळ, सेन नदीकाठच्या सामुआ या गावी राहायला गेला. चित्रे काढायची, गळ टाकून बसायचे, बिलियर्ड खेळायचे, मन झाले की पॅरिसला जाऊन वाजवायचे. १६ मे १९५३ रोजी पॅरिसहून परत येताना, आव्हों स्टेशनातून घराकडे चालत असता, मेंदूतील रक्तस्रावाने तो कोसळला. शनिवार होता, डॉक्टर वेळेवर मिळाला नाही. वय ४३.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत मॉडर्न जॅझ क्वार्टेटच्या जॉन लुईसने त्याच्या नावाची एक संथ रचना मुद्रित केली. ग्रापेली मात्र १९९७ पर्यंत जगला आणि वाजवत राहिला. १९८४ साली त्याने आपल्या एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबरही ध्वनिमुद्रिका केली. १९६० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या पोराच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. गिटार सुटली असे त्याने धरले असताना त्याला कोणीतरी जँगोची तबकडी ऐकवली. तो पुढे ब्लॅक सबाथ या कर्कश रॉक मंडळींचा गिटारवादक झाला. कर्कश हे माझे मत, आमच्या वर्गात त्याला बहुमत नाही.

जँगोच्या आवडीची सेल्मर बनावटीची गिटार, क्रमांक ५०३, पॅरिसच्या संगीत-संग्रहालयात आहे. मारिओ माकाफेरी या इटालियन कारागिराच्या मूळ कल्पनेतून ही गिटार निघाली. तिचा आवाज मुद्दाम टणक आणि दूरवर जाणारा केलेला, कारण नाचघराच्या गोंगाटात ढोलाशिवाय उभे राहायचे होते. काचेमागे असल्यामुळे ती कोणी वाजवत नाही. तिच्या आकृती मात्र सामुआच्या नदीकाठी, पॅरिसच्या वेशीवर आणि मानूश लोकांच्या गाड्यांजवळ अजून हाताहातांतून दिल्या जातात. एक पोरगा धरतो, दुसरा बघतो, आणि पुस्तक कोणीच उघडत नाही.